हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं घरबसल्या मॉनिटरिंग : पेशंट स्वतः खूष असतो का?

मुक्ता_नाशिक
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, त्यानंतर पंपिंग कमी झालं, आताच्या टुडी एकोत इएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३० आलाय. गेल्या महिन्यात छातीत पाणी झालं म्हणून पुन्हा ॲडमिट करावं लागलं. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने एक पॅकेज सांगितलंय. घरी वजनकाटा, बीपीचं मशीन आणि ऑक्सिमीटर देणार, तिन्ही मोबाईलला जोडलेले, रोज सकाळी रीडिंग घ्यायचं, ते आपोआप हॉस्पिटलला जातं, काही कमीजास्त वाटलं की तिथून सिस्टर फोन करतात. तीन महिन्यांचं आहे, पुढे वाढवता येतं.

भाऊ पुण्यात असतो, त्याला हे एकदम पटलंय कारण ॲपवर त्यालाही सगळं दिसणार. बाबा मात्र म्हणतात, रोज उठून मी आजारी आहे हे मशीनकडून ऐकायचं का मला? आणि आई दोघांच्या मधे.

फायदा होतो का हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मला विचारायचंय ते वेगळं. ज्यांच्या घरी हे चालू आहे किंवा होतं तिथे पेशंट समाधानी होता का? घरचे नव्हे, पेशंट. आणि तीन महिन्यांनी काय झालं?

शेखर_डोंबिवली
डोळे मिटून घ्या. माझ्या सासऱ्यांना चालू केल्यापासून घरात सगळे शांत झोपतो.

मुक्ता_नाशिक
@शेखर, धन्यवाद. पण सासरे काय म्हणतात?

शेखर_डोंबिवली
हं, ते विचारलं नाही खरं. आज विचारतो.

डॉ_निशाचर
मी फिजिशियन आहे, हार्ट फेल्युअरचे पेशंट रोज बघतो. आधी हे कशासाठी करतात ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. पेशंटला धाप लागून रात्री उठून बसावं लागतं ना, ती गोष्ट त्या रात्री सुरू झालेली नसते. शरीरात पाणी साठायला काही दिवस, कधी काही आठवडे आधी सुरुवात झालेली असते. वजन तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर ते खाण्याचं वजन नसतं, पाणी असतं. त्या टप्प्यावर लघवीच्या गोळीचा डोस वाढवला तर बरेचदा ॲडमिशन टळतं. अर्थात काही पेशंटचं वजन फार न वाढताही तब्येत बिघडते, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका. पायावरची सूज, उशा किती लागतात, जिना चढताना काय होतं हेही विचारावं लागतं.

आता पुरावा. यात दोन टोकाचे अभ्यास आहेत. अमेरिकेत २०१० साली १६५३ पेशंटवर झालेला, त्यात पेशंटने रोज एका नंबरला फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारणार, आपण बटणं दाबून उत्तरं द्यायची. काहीही फायदा दिसला नाही. १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि सहा महिन्यांच्या शेवटी आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले होते. दुसरा जर्मनीतला, २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, १५७१ पेशंट. वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन रोज बर्लिनच्या केंद्रात जायचं आणि तिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले. वर्षातले मृत्यूमुळे किंवा हॉस्पिटलमुळे गमावलेले दिवस २४.२ वरून १७.८ वर आले, मृत्यूंचं प्रमाणही कमी झालं.

मशीन दोन्हीकडे होतंच. पलीकडे कोण बसलंय यात फरक होता. मुक्ताताई, तुमच्या हॉस्पिटलला हाच प्रश्न विचारा.

टेकडीवाला
मी स्वतः पेशंट. वय ६८, पुणे, इएफ ३५. हे सगळं माझ्याकडे चालू आहे त्यामुळे पेशंट काय म्हणतो ते पेशंटकडूनच ऐका.

पहिले काही आठवडे मला याचा मनापासून राग यायचा. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे संडासला जाऊन येणे, मग काट्यावर उभे राहणे, मग दंडाला पट्टा, मग बोटाला चिमटा. चहा त्यानंतर. माणूस आजार विसरून उठतो, झोपेतून जागं झाल्यावर एक मिनिट तरी विसरलेला असतो, ते मिनिट या मशीनने काढून घेतलं. तुमच्या बाबांना नेमकं हेच म्हणायचंय, त्यांना हट्टी म्हणू नका.

दुसरं, माझं वजन सुनेच्या, मुलाच्या आणि अमेरिकेतल्या मुलीच्या फोनवर एकाच वेळी जायचं. रविवारी मिसळ खाल्ली की सोमवारी सकाळी ह्यूस्टनहून फोन. मी अकाउंटंट म्हणून पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासले, आता माझ्या पोटाचा हिशोब तीन फोनवर तपासला जातोय हे सहन झालं नाही. शेवटी ॲपमधून सगळ्यांना काढायला लावलं. रीडिंग फक्त हॉस्पिटलला जाईल आणि घरच्यांना मी सांगेन तेव्हा कळेल. त्या दिवसापासून भांडण संपलं.

आणि तरीही मी हे सोडलं नाही, कारण पलीकडच्या सिस्टर. त्या माझा आवाज ओळखतात. एकदा वजन ठीक, बीपी ठीक, पण फोनवर बोलताना मी वाक्याच्या मधे थांबतोय हे त्यांच्या लक्षात आलं. काका, रात्री किती उशा घेतल्या? तीन म्हटलं. लगेच डॉक्टरांशी बोलून गोळी वाढवली, दोन दिवसांत पाणी उतरलं. हे माणूस असल्याशिवाय झालं नसतं. तेव्हा समाधानी आहे का? सिस्टरांवर पूर्ण, ॲपवर अजिबात नाही.

शेखर_डोंबिवली
सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, "मशीनचं काही नाही, पण तुम्ही लोकांनी आल्यावर मला कसं वाटतंय विचारणं बंद केलंय, आधी मोबाईल बघता." टेकडीवाला काका, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

नागपूरकर_भाऊ
मला हे सगळं हॉस्पिटलचं दुकान वाटतं बावा. साधा डिजिटल काटा सातआठशेत मिळतो, बीपीचं मशीन दीड-दोन हजारात. एक वही घ्यायची, रोज वजन लिहायचं, दोन किलो वाढलं की डॉक्टरले फोन लावायचा. माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू आहे अन् तो मस्त आहे. पॅकेजचे पैसे कशाले? गरीब माणसानं काय करायचं?

डॉ_निशाचर
@नागपूरकर_भाऊ, वही उत्तमच. माझे निम्म्याहून जास्त पेशंट वहीवरच आहेत. एकच अट, दोन किलो वाढल्यावर तो फोन लागला पाहिजे आणि कोणीतरी उचलला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पेशंट फोन करतो तो रिसेप्शनला, ते म्हणतात बुधवारी ओपीडीला या. बुधवारपर्यंत तो इमर्जन्सीत आलेला असतो. तुमच्या भावाचे डॉक्टर फोन उचलतात, त्यामुळे तुमच्याकडे मॉनिटरिंग चालूच आहे, फक्त बिल येत नाही :)

नागपूरकर_भाऊ
हे पटलं. आमचे डॉक्टर रात्री अकरालेही उचलतात, देवमाणूस आहे.

माणदेशी_सुरेखा
आमच्या गावाकडची गोष्ट सांगते. आई म्हसवडजवळच्या वाडीत एकटी राहते, मी सांगलीला. भाच्याने हौसेने पॅकेज घेऊन दिलं. पहिल्या दिवसापासून अडचणी. एक तर रेंज नाही, मोबाईल घेऊन माळवदावर जावं लागतं तेव्हा रीडिंग जातं. काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवला की प्रत्येक वेळी वेगळं वजन, शेवटी शहाबादी फरशीचा तुकडा आणून त्यावर ठेवला. ॲप सगळं इंग्रजीत. आईला आकडे वाचता येतात, अक्षर नाही. लाल रंग आला की ती घाबरून दिवसभर काही खायची नाही, आणि लाल कशाने आला तर मशीन नीट जोडलं गेलं नाही म्हणून.

हॉस्पिटलला चारदा सांगूनही काही झालं नाही. मग तिथल्याच एका सिस्टरने स्वतःहून मार्ग काढला. म्हणाली ॲप राहू द्या, मी रोज साडेनऊला फोन करते, मावशींनी फक्त आकडा सांगायचा. ती मुलगी आटपाडीकडची, आमच्यासारखंच बोलणारी. "मावशे, पाय दाबून बघ गं, खड्डा पडतोय का." आई एवढी खूष, की साडेनऊच्या आत शेरडं सोडून, तोंड धुऊन, लुगडं बदलून बसायची फोनसाठी. फोनवर कुणी बघणार नव्हतं तरी.

तीन महिने संपले आणि फोन बंद झाला. माणसं येऊन मशीन घेऊन गेली. मुक्ता, तू विचारलंस ना पुढे काय होतं, हे होतं. आई आठवडाभर साडेनऊला फोन हातात घेऊन बसली. कोणी आधी सांगितलंच नव्हतं तिला की हे संपणार आहे.

मुक्ता_नाशिक
सुरेखाताई, वाचून गलबललं. आता कसं चालू आहे?

माणदेशी_सुरेखा
आता आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) आठवड्यातून दोनदा वजन बघून मला कळवतात, त्यांचं ते काम नाही तरी करतात. पण औषध वाढवायचं कमी करायचं सांगणारं कोणी नाही. त्यासाठी साताऱ्याला न्यावं लागतं.

बर्लिनवाली_जाई
डॉक्टरांनी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्याच शहरातून लिहितेय. इथे २०२० च्या डिसेंबरमध्ये सरकारी आरोग्य विम्याच्या सर्वोच्च समितीने हार्ट फेल्युअरचं टेलिमॉनिटरिंग विम्यात घेतलं. सगळ्यांना नाही, इएफ ४० च्या खाली, आणि एकतर हृदयासाठी पेसमेकरसारखं डिव्हाईस बसवलेला किंवा वर्षभरात हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झालेला पेशंट. पैसे पेशंटला द्यावे लागत नाहीत आणि तीन महिन्यांनी मशीन काढून नेत नाहीत.

माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी यावर आहेत, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांना आवडतं. पण त्यांची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी त्या घरगुती डॉक्टरकडे महिन्यातून एकदा बसने जायच्या, वेटिंग रूममध्ये ओळखीच्या बायका भेटायच्या. आता डॉक्टर म्हणतात तुमचे आकडे छान आहेत, यायची गरज नाही. आजींचं म्हणणं, मला यायचं होतं ना पण.

सुरेखाताईंच्या मुद्द्यावर एक. त्याच बर्लिनच्या पेशंटना वर्षानंतर मॉनिटरिंग बंद करून पुढे आणखी वर्षभर पाहिलं, तेव्हा आधी मिळालेला फायदा टिकलेला दिसला नाही. म्हणजे हे अँटिबायोटिकच्या कोर्ससारखं नाही, चालू आहे तोपर्यंतच. मग तीन महिन्यांच्या पॅकेजचं प्रयोजन काय, हे मला तरी कळत नाही.

डॉ_निशाचर
डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे असतात, हे प्रयोजन. भारतातल्या राष्ट्रीय नोंदणीत, ५३ हॉस्पिटलं आणि दहा हजारांवर पेशंट, ९० दिवसांत १४ टक्क्यांच्या आसपास मृत्यू दिसले होते. पण जाईताईंचं बरोबर आहे, नव्वद दिवसांनंतर पेशंटला वाऱ्यावर सोडणं बरोबर नाही. निदान फोन चालू राहायला हवा.

लालपरी_५२
मी पण पेशंट. सगळे आजी आजोबांबद्दल लिहितायत म्हणून लिहितो. माझं वय ५२, एसटीत आहे, आता डेपोत टेबलावर काम दिलंय. व्हायरल होऊन हार्ट मोठं झालं म्हणाले. मला हे फार आवडलं, कारण सरळ आहे, पूर्वी दर पंधरा दिवसांनी ओपीडी म्हणजे एक रजा, सकाळी सहाला निघा, नंबर लावा, दुपारी तीनला डॉक्टर चार मिनिटं बघणार. आता फोनवर होतं, गोळ्यांचे डोससुद्धा हळूहळू वाढवले फोनवरच, बीपी बघून बघून. रजा वाचली, पगार वाचला. तक्रार एकच, त्यांचा फोन अकराला येतो तेव्हा काउंटरवर गर्दी. वेळ बदलून मागितली तर म्हणे सिस्टीममध्ये नाही. नोकरी करणारा पेशंट असतो हे त्यांच्या डोक्यातच नाही.

डॉ_निशाचर
लालपरींचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडचे हार्ट फेल्युअरचे पेशंट सरासरी साठीच्या आसपासचे, पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण. घरी बसलेला म्हातारा माणूस धरून बनवलेली यंत्रणा इथे तशीच्या तशी बसत नाही.

सुगरण_अदिती
थोडं अवांतर, पण मीठ कमी करण्यासाठी आम्ही ते लो सोडियम मीठ आणलं सासूबाईंसाठी. चव जवळजवळ सारखी लागते. पापड, लोणचं बंद, चटणीत लिंबू जास्त. हा उपाय सगळ्यांनी करून बघा.

डॉ_निशाचर
अदितीताई, थांबा! त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, पोटॅशियम आधीच वाढवतात. दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. आजच बंद करा आणि डॉक्टरांना विचारून पोटॅशियमची तपासणी करून घ्या. तसंच गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यानेही पाणी साठतं.

सुगरण_अदिती
बाप रे. आत्ता डबा उचलून ठेवला. उद्या रक्त देतो. खूप आभार.

टेकडीवाला
मीठच कमी खा, मिठाला पर्याय शोधू नका. सहा महिन्यांत जीभ सुधारते. आता बाहेरची आमटी मला खारट लागते.

गोंयकार
पापडाशिवाय जेवण म्हणजे... आणि आमच्याकडे सुकं खारं! पावसाळ्यात दुसरं काय असतं पानात? वडलांना सुंगटाची (सुक्या कोळंबीची) किसमूर सोडायला लावली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं वाटलं. पण पायांची सूज उतरली हे खरं.

मेघना_सिस्टर
इतके दिवस वाचत होते, आज लिहिते. मी अशाच एका मॉनिटरिंग टेबलावर काही वर्षं काम केलंय, कुठल्या शहरात ते सांगत नाही. पलीकडे कोण बसलंय विचारताय ना, तर मी बसले होते.

सकाळी सात ते दहा स्क्रीन लाल पिवळी होऊन जाते. त्यातले बरेच इशारे खोटे. कोणी चपला घालून काट्यावर उभं राहिलं, कोणी नातवाला कडेवर घेऊन. ऑक्सिमीटरला थंड बोट किंवा गडद नेलपॉलिश. ज्यांचे ठोके अनियमित असतात त्यांचं बीपी या मशीनवर दर वेळी वेगळं येतं, दोन-तीनदा घेऊन सरासरी पाहावी लागते. हे सगळं चाळून खरा पेशंट शोधायचा. माझ्याकडे पेशंट कमी होते तेव्हा मला प्रत्येकाचा आवाज माहीत होता. मग मॅनेजमेंटने माणसं न वाढवता पेशंट वाढवत नेले. तेव्हापासून मी आकडे वाचत होते, माणसं नाही.

आता समाधानाबद्दल. आम्ही फॉर्म भरून घ्यायचो, पाचपैकी किती मार्क. नेहमी साडेचार. पण फॉर्म कोणाकडून? जे तीन महिने टिकले त्यांच्याकडून. ज्यांनी दुसऱ्या आठवड्यात मशीन कपाटात टाकलं त्यांना कोणी विचारलंच नाही. शिवाय फॉर्म मी स्वतः फोनवर विचारून भरायचे, आता रोज काळजीने बोलणाऱ्या सिस्टरला कोण तोंडावर दोन मार्क देणार? २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र केले होते, त्यात पेशंटची पसंती ७६ ते ९७ टक्के दिसते. पण नियमित वापराचा आकडा काही अभ्यासांत ५५ टक्क्यांपर्यंत खाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. आवडतं म्हणणारे पुष्कळ, रोज करणारे त्याहून कमी.

मला विचाराल तर पेशंट तीन गोष्टींनी खूष व्हायचे. फोन ठरलेल्या वेळी आला की. तोच आवाज असला की. आणि आपण पाठवलेल्या आकड्याचं काहीतरी झालं, गोळी बदलली किंवा निदान "पाहिलं, ठीक आहे" एवढं कोणी सांगितलं की. शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आणि तीच सगळ्यात कमी होते. आठवडेच्या आठवडे सगळं ठीक असलं की कोणी फोन करत नाही, पेशंटला वाटतं आपण विहिरीत आकडे टाकतोय. मग तो सोडतो.

टेकडीवाला
सिस्टर, नमस्कार करतो तुम्हाला. "पाहिलं, ठीक आहे" हे वाक्य मला किती हवं असतं ते घरच्यांनाही सांगता आलं नव्हतं.

किरण_ठाणे
यात डेटाचं काय? माझं वजन बीपी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं, उद्या विमा कंपनीला मिळालं तर? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमती काढून घेण्याची तरतूद आहे, पण डिस्चार्जच्या गडबडीत सही करताना कोण वाचतं? मुक्ता, सहीआधी लेखी विचार, डेटा कोणाकडे जातो आणि बंद केल्यावर त्याचं काय करतात.

मुक्ता_नाशिक
किरण, चांगला मुद्दा, यादीत टाकला.

विठ्ठलभक्त_अकलूज
माझा एक प्रश्न. मी दोन्ही एकादश्या आणि चातुर्मासात सोमवार धरतो. लघवीची गोळी आणि शुगर-हार्टची ती नवी गोळी, डॅपाग्लिफ्लोझिन, चालू आहे. उपासाच्या दिवशी वजन कमी दिसतं तर सिस्टर घाबरतात. काय करावं?

डॉ_निशाचर
माउली, सिस्टरना उपासाचे वार आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या आकडा तसा वाचतील. पण खरा प्रश्न गोळीचा. डॅपाग्लिफ्लोझिन घेऊन कडक उपास केला, विशेषतः डायबेटिस असेल तर, रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, कुठली थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः ठरवू नका. निर्जळी तर नकोच.

नागपूरकर_भाऊ
मुक्ताताई, मग ठरलं का काही? धागा पार पंढरपूरपर्यंत गेला.

मुक्ता_नाशिक
हो, सांगतेच. टेकडीवाला काका, मेघना सिस्टर आणि सुरेखाताईंचे प्रतिसाद बाबांना प्रिंट काढून दिले. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि कागदावर अटी लिहून दिल्या. आकडे भावाला आणि मला दिसणार नाहीत, आठवड्याला एकदा ते स्वतः सांगतील. मशीन चहाच्या नंतर, आधी नाही. आणि फोनवर दरवेळी वेगळी व्यक्ती येणार असेल तर ते करणार नाहीत.

ते घेऊन हॉस्पिटलला गेले. पहिली अट लगेच मान्य. चहाचं सिस्टर म्हणाल्या, रोज त्याच वेळी आणि तेवढाच चहा घेऊन करत असाल तर चालेल, पण चहाआधी केलेलं जास्त बरं. तिथे बाबा जरा नरमले, संडासला जाऊन आल्यावर लगेच वजन, बाकी दोन चहानंतर असा तह झाला. माणूस तोच राहील का विचारल्यावर दोन सिस्टरांची नावं दिली, आठवड्याआड. बाबा त्यांना जाऊन भेटून आले, एक देवळालीची निघाली.

पण डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारला तेव्हा खरं कळलं. रात्री आठ ते सकाळी आठ तिथे कोणी बघत नाही. माहितीपत्रकात चोवीस तास लिहिलंय, ते फक्त मशीनने आकडे घेण्याबद्दल. रविवारी पण नाही. हे आईला फार लागलं, तिची भीती रात्रीचीच आहे.

डॉ_निशाचर
विचारलंत हे फार बरं केलंत. त्यांच्याकडून रात्रीसाठी एक कागद लिहून घ्या: काय झालं तर कोणती गोळी जास्त घ्यायची, काय झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा. आडवं झोपता येत नसेल, गुलाबी फेसाळ थुंकी येत असेल, चक्कर येऊन पडले असतील, छातीत दुखत असेल तर ॲप उघडूच नका, थेट हॉस्पिटल. तो कागद फ्रिजवर लावा.

मेघना_सिस्टर
आणि शनिवारी संध्याकाळी बाबांनी स्वतः सिस्टरांना फोन करून आठवड्याचं सांगायचं, रविवारी कोणी नाही म्हणून. आम्ही असा नियम काही पेशंटशी परस्पर केला होता. शनिवारी पाय किंचित जड वाटले तरी तेव्हाच सांगितलं की डॉक्टर भेटतात.

मुक्ता_नाशिक
हे दोन्ही करते. आईला शनिवारचं सांगितलं, ती म्हणाली तो फोन मी करणार, हे "सगळं छान आहे" म्हणून ठेवून देतील.

माणदेशी_सुरेखा
आईलाच करू दे. आणि तीन महिने संपायच्या आधी महिनाभर तरी पुढचं विचारून ठेव, बाबांना पण आत्ताच सांग कधी संपणार आहे ते.

लालपरी_५२
फोनची वेळ पण आत्ताच ठरवून घ्या, नंतर सिस्टीममध्ये बदलत नाहीत.